बिनगव्हाचे हामानचे कान

माझा बेकिंगचा क्लास बंद होऊन बरीच वर्षं झाली. ओव्हन भंगारात गेला, साचे पुतणीने नेले, मागच्या खोलीत आता नवऱ्याच्या कोर्टाच्या फायली रचून ठेवल्यात. पण महाडच्या बाजारात भाजी घ्यायला उभी राहिले की मागून कोणीतरी "मॅडम!" म्हणून हाक मारतं, आणि मेथीची जुडी हातात तशीच धरून आम्ही दोघी हसत सुटतो. भाजीवाली वैतागते. "घ्यायची हाय का नाय गो?" किस्से असे रस्त्यात, उभ्याउभ्याच वाढत गेले. त्यातही रिबकाबाईंच्या बिस्किटांचे जास्त. आज हसतो खरं, पण तेव्हा आमची पाचावर धारण बसली होती!

*

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. क्लासला सात-आठ जणी यायच्या. त्यात रिबकाबाई सगळ्यांत मोठ्या. प्राथमिक शाळेतून रिटायर झालेल्या, पोलादपूरला एकट्या राहायच्या आणि एसटीने महाडला यायच्या. बेने इस्राएली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू. पिढ्यान् पिढ्या इथलेच, घरात बोलणं तुमच्या-आमच्यासारखं मराठीच. क्लासमधल्या निम्म्या पोरींना त्यांनीच पाढे शिकवलेले. त्यामुळे मी मॅडम असले तरी 'बाई' त्याच!

एक दिवस क्लास संपल्यावर त्या थांबल्या.

"नीता, माझा मुलगा बेनी येतोय इस्राएलहून, नातीला घेऊन. तिच्यासाठी बिस्किटं करायचीत. तीन कोनांची, आत सारण भरलेली. पण गव्हाशिवाय."

"गव्हाशिवाय? उपास आहे का तिचा?"

"उपास असता तर दुसऱ्या दिवशी सुटला असता," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. नात आठ वर्षांची. गव्हात जो चिकटपणा असतो तो तिच्या आतड्याला सोसत नाही. पाव, मैदा, रवा, सगळं बंद. चिमूटभर पोटात गेलं तरी दोन-दोन दिवस पोट धरून रडते. मागे कोणाच्या तरी पीठ लागलेल्या हाताने दिलेला लाडू खाल्ला आणि सलाइन लावायची वेळ आली.

"आणि सण कुठला?" सुलभाने विचारलं. ही शिवथरची, मुलांच्या शाळेसाठी महाडला खोली घेऊन राहिलेली.

"पुरीम. आमचे म्हातारे त्याला होळीचाच सण म्हणायचे, तुमच्या होळीच्या पुढे-मागे येतो म्हणून. हामान नावाच्या वजिराने आमच्या सगळ्या लोकांना मारायचं ठरवलं होतं. एस्तेर राणीने त्याचा डाव उधळला. इथे आम्ही पुरणपोळ्या करत आलो. तिकडे ही बिस्किटं करतात, हामानचे कान म्हणून. शाळेत पोरं एकमेकांना डबे भरून देतात. आमची पोरगी डबा घेते आणि न उघडताच मैत्रिणीला देऊन टाकते."

"पण बाई, कान कशाला खायचे?"

"तुम्ही रावण जाळता, आम्ही हामान खातो!"

आम्ही हसलो. मग क्लासमधल्या साहेराने विचारलं, "नातीचं नाव काय?"

"शिरा."

कोणी कोणाकडे बघेना. शेवटी सुलभाच्याने राहवलं नाही. "बाई... आणि तिला रवा चालत नाय?"

"हिब्रूत शिरा म्हणजे गाणं," बाई म्हणाल्या. "पोराने फोनवर नाव सांगितलं तेव्हा मीच म्हटलं होतं, काय रे, दुसरीचं उपमा ठेवणार का?"

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं सगळ्यांच्या. बाई मात्र हसता हसता थांबल्या. "हसा गं. पण आपल्या हातून चूक झाली ना, तर पोरगी हसणार नाही."

त्यानंतरचा महिना आमचा त्यातच गेला.

*

तांदळाचं पीठ लागणार होतं. मी म्हटलं, सोपं आहे, गिरणीतून आणू. बाई म्हणाल्या, "गिरणीत आधी गहूच दळलेला असतो ना?"

गेलो दोघी. गिरणीवाला पिठाने पांढराफटक, भुवयांवरसुद्धा गहू! दुकानात आठ-दहा जणं डबे घेऊन उभी.

बाई म्हणाल्या, "आमचे तांदूळ दळायच्या आधी गिरण आतून पूर्ण साफ करून देशील का? एक कण राहता कामा नये."

"का? किडे दिसले काय माझ्या गिरणीत?"

"किडे नाहीत रे. गहू नको."

"गिरणीत गहू नको?" तो ओरडला. पट्टा थांबवला. रांगेतली माणसं पुढे सरकली. कोणीतरी मागून म्हणालं, "भेसळ हाय वाटतं." आता त्याचा चेहरा पिठाखालूनही लाल दिसायला लागला. "बाई, लोकांसमोर माझी अब्रू काढता? इतकी वर्षं दळतोय!"

मला वाटलं, आता डबाच फेकतो अंगावर. मी घाईघाईने म्हटलं, "तसं नाही हो, फक्त धुऊन घ्या एकदा."

"धुऊन? वहिनी, गिरण हाय ती, म्हैस हाय काय!"

*

मग सुलभा म्हणाली, "आमच्या शिवथरला जातं हाय. माझी सासू अजून घरचं दळते. आमच्यात गहू खातो कोण? तांदूळ नायतर नाचणी."

आम्हाला हायसं वाटलं. बाईंनी स्वतः निवडलेले तांदूळ सुलभाने गावी धाडले. आठवड्याने सासूबाईच पीठ घेऊन हजर! आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. डोक्यावर पिठाचं बोचकं, एसटीच्या गर्दीत कोणाचा धक्का लागू दिला नव्हता. बोचक्याला स्वच्छ लुगड्याचं फडकं, त्यावर आणखी एक फडकं.

त्यांना चहा दिला आणि तिथेच पीठ मळायला घेतलं. मला धास्ती होती, तांदळाचं पीठ लाटताना फाटणार. पण काय सांगू! मऊसूत गोळा. लाटला तर कडेला चीर नाही. वाटीने गोल पाडला, मधे सारण ठेवलं, तीन बाजू दुमडल्या, चिमटीत धरल्या. राहिल्या! साहेराने टाळ्या वाजवल्या. बाईंनी तर मला मिठीच मारली. पहिला घाणा ओव्हनमधून निघाला तो अगदी दुकानातल्यासारखा.

"मावशी, तुमच्या हाताला गुण आहे," मी म्हटलं. "तांदळाचं पीठ असं जुळलेलं मी जन्मात पाहिलं नाही."

मावशी खूश. चहाची बशी खाली ठेवून जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "जुळल नाय तर काय गो? सुलभा बोलली, पीठ फाटल म्हणून मॅडमना काळजी लागलीया. म्हणून मूठभर गहू टाकला मी!"

आमच्या हातातली बिस्किटं हातातच राहिली.

*

बिचाऱ्या मावशी! शिराची गोष्ट त्यांना नीट कोणी सांगितलीच नव्हती. बाईंनी शेजारी बसवून सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. "पोरीला इख घालत व्हते की गो मी!" चहा तसाच टाकून उठल्या आणि पुढच्या एसटीने परत गेल्या. जात्याला नव्याने टाकी लावून, म्हणजे दगड छिन्नीने टोचून घेतले, चार वेळा नुसते तांदूळ भरडून कोंबड्यांना घातले, आणि मग दळायला बसल्या. दळताना दारात कोणाला फिरकू दिलं नाही म्हणे.

हे पीठ मात्र खरं तांदळाचं. म्हणजे आमचे हाल सुरू! लाटावं तर फाटे, दुमडावं तर मोडे. मोदकासारखी उकड काढून बघितली. आकार सुंदर आला, भाजल्यावर पांढरी शुभ्र त्रिकोणी बिस्किटं दिसायला तर देखणी!

नवरा कोर्टातून आला. दुसऱ्या दिवशी त्याची मोठी केस होती, उलटतपासणी त्याच्याकडे. विचारात होता, ताटलीतलं बिस्किट उचललं आणि चावलं.

कट्!

मला वाटलं, बिस्किट मोडलं.

बिस्किट जसंच्या तसं होतं. मोडली होती त्याची दाढ!

रात्रभर गाल सुजला. दुसऱ्या दिवशी गालाला रुमाल लावून कोर्टात उभा राहिला. साक्षीदाराला प्रश्न विचारायचा आणि प्रत्येक प्रश्नाला कळ यायची, चेहरा भयंकर व्हायचा. साक्षीदार इतका घाबरला की तिसऱ्याच प्रश्नाला सगळं खरं बोलून मोकळा झाला! घरी आल्यावर नवऱ्याने एवढंच विचारलं, "अजून आहेत का ती? पुढच्या तारखेला विरुद्ध पार्टीच्या वकिलाला देईन म्हणतो."

शेवटी थोडी उकड, थोडं कोरडं पीठ, साबुदाणा दळून आणि अंडं, असं जमलं. लोणी बाईंनी घालू दिलं नाही. त्यांच्यात मटणाच्या जेवणाबरोबर दुधातुपाचं खात नाहीत, आणि सणाला मटण असणारच. म्हणून नारळाचं घट्ट दूध. चव अशी आली की कोणाला गव्हाची आठवणही होऊ नये.

*

सारण दोन प्रकारचं होतं, एक खजुराचं, एक खसखशीचं. खसखस बाईंची खास मागणी. जमलेल्या पहिल्या घाण्यातला एक डबा साहेराने आईला चव बघायला म्हणून माहेरी नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी क्लास चालू असताना तिच्या आईचा फोन आला. साहेरा हसत बोलत होती आणि मधेच तिचं हसू गेलं.

"डबा कुठाय? ... कोणाच्या बॅगेत?"

तिचा धाकटा भाऊ इम्तियाज त्याच दिवशी मस्कतला निघाला होता. वाटेत खायला म्हणून आईने तोच डबा त्याच्या सामानात भरला होता!

आपल्याला वाटेल, त्यात काय? पण महाडमध्ये ज्यांची माणसं गल्फला आहेत त्यांना विचारा. तिकडे खसखस म्हणजे अफूचं बी, थेट गुन्हा. मसाल्यातसुद्धा एक दाणा जाऊ देत नाहीत. साहेराच्या आळीतला एक पोरगा म्हणे कुठल्याशा मिठाईपायी तिकडे अडकला होता, त्याची आई अजून खंगत होती. साहेराचे ओठ पांढरे पडले.

"मॅडम, त्याची मुंबईची गाडी वीर स्टेशनावरून हाय!"

मी गॅस बंद केला, दोघी पिठाच्या हातांनी रिक्षात बसलो. वीरपर्यंत साहेरा नुसती ओढणीचं टोक पिळत होती. हायवेला एक कंटेनर आडवा. रिक्षावाला बाजूच्या चिखलातून काढायला गेला, रिक्षा एका चाकावर! मी डोळे मिटून घेतले. स्टेशनात शिरलो तेव्हा सिग्नल पडला होता.

इम्तियाज बाकावर निवांत बसला होता. शेजारी रेल्वेचा पोलीस. मधे उघडा डबा. रिकामा!

"आपा! तू कशाला आलीस?" तो उठला. "बिस्किटं काय झकास होती! मामांनी पण चार खाल्ली."

पोलीसमामांनी मान डोलवली. "बरी व्हती."

साहेराने डबा हिसकावला. मग भावाकडे नीट बघितलं. शर्टभर काळे-पांढरे बारीक दाणे!

"शर्ट काढ!"

"आपा, काय बोलतेस? लोक बघताहेत!"

"काढतोस का फाडू?"

गाडी समोर दिसायला लागली होती. भर प्लॅटफॉर्मवर पोरगा बनियनवर उभा. साहेरा त्याच्या खिशाचं अस्तर उलटं करतेय, मी गुडघ्यावर बसून बॅगेच्या शिवणीतले दाणे टिपतेय, दोघी मिळून बूट झटकतोय, पँटचे फोल्ड उलटतोय. गाडी थांबली. खिडक्याखिडक्यांतून माणसं माना बाहेर काढून बघतायत. नवा शर्ट अंगात घालता घालताच इम्तियाज डब्यात चढला.

गाडी हलली तशी साहेरा बाकावर मटकन बसली आणि रडायला लागली. तेवढ्यात पोलीसमामा गंभीर चेहऱ्याने पुढे आले. मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "ताई, माझ्या मिशीत पण अडाकलेत की! म्या काय करू?"

"मामा, तुम्ही मस्कतला जाताय?"

"नाय. पेणला."

"मग खा!"

*

सणाची बिस्किटं भाजायचा दिवस उजाडला. बेनी आणि शिरा आदल्या दिवशी पोलादपूरला येऊन पोचले होते. दीडशे तुकडे लाटून, भरून, दुमडून तयार. पहिला ट्रे ओव्हनमध्ये सरकवला आणि वीज गेली!

लोडशेडिंगची वेळ नव्हती. वीज ऑफिसात फोन केला. बाईंचाच एक जुना विद्यार्थी तिथे होता. "बाई, मोठा फॉल्ट आहे. संध्याकाळ होईल." बाई म्हणाल्या, "तुला सात सत्ते किती ते शेवटपर्यंत आलं नाही, फॉल्ट काय सापडणार!" आणि फोन ठेवून खुर्चीत बसल्या. पीठ सुकायला लागलेलं. बेकरीत नेऊन भाजता येईना, तिथे भिंतीलासुद्धा मैदा.

साहेरा म्हणाली, "माझ्या अंगणात चला. वर-खाली निखारे ठेवून भाजू. आमची आजी तशीच भाजायची."

नवीन पातेली विकत घेतली, अंगण धुतलं, निखारे पेटवले. काम सुरू झालं तोच साहेराचा थोरला दीर कामावरून आला. ट्रकचा धंदा त्याचा, उंचापुरा माणूस. त्या दिवसांत रोज टीव्हीवर इस्राएलकडच्या लढाईच्या बातम्या, बॉम्ब आणि पडलेली घरं. तो दारात थांबला.

"साहेरा, हे कोणासाठी?"

"बाईंच्या नातीसाठी."

"इस्राएलहून आली ती?"

नुसता निखाऱ्यांचा तडतड आवाज. बाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला. "आम्ही जातो गं साहेरा. तुझ्या घरात उगाच वाद नको." त्या खरंच उठल्या.

साहेरा तशीच बसून होती, मान वर न करता. म्हणाली, "भाईजान, बातम्या मी पण बघते. मला पण झोप येत नाय. पण ही पोरगी आठ वर्षांची हाय, आणि तिने आजपर्यंत सणाचं बिस्किट खाल्लेलं नाय. आता तुम्ही सांगा, पाणी ओतू निखाऱ्यावर?"

मी त्याच्या हातांकडे बघत होते. मग त्याने चपला काढल्या, पुढे आला, पातेल्यावरचे निखारे वाकून बघितले.

"असं भाजतात काय? वरचा जाळ कमी हाय!" आणि सूप घेऊन वारा घालायला बसला. संध्याकाळपर्यंत उठला नाही. मधे एकदा बाईंना म्हणाला, "बाई, तुम्ही मला चौथीला कान धरून उभा केला होता."

बाई म्हणाल्या, "म्हणून तर आज कान नीट भाजतोयस!"

*

डबा घेऊन बाई पोलादपूरच्या एसटीत चढल्या. सोबत मी. गाडी खचाखच. एकच जागा रिकामी, खिडकीजवळची. शेजारच्या माणसाच्या मांडीवर मैद्याची पिशवी, तीही एका कोपऱ्याला फाटलेली! वर रॅकवर बघितलं तर तिथेही पीठ सांडलेलं.

बाईंनी डबा पदरात गुंडाळला आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला.

"बाई, बसा ना," कंडक्टर म्हणाला. "आणि डबा ठेवा वर."

"डबा वर नाही जाणार. त्या दादांना जरा उठवा, पिशवी घेऊन मागे उभे राहू देत."

"का म्हणून?" पिशवीवाला तडकला. "तिकीट काढलंय मी!"

गाडीत गलका झाला. कोणी म्हणे म्हातारीला बसू द्या, कोणी म्हणे गाडी सोडा. कंडक्टरने बेल ओढली, गाडी निघाली. प्रत्येक खड्ड्याला डबा डोक्यावर हेलकावे खातोय, पिशवीतून मैदा भुरभुरतोय आणि माझा जीव खालीवर. मी म्हटलं, मी धरते. देईनात. शेवटी पुढच्या सीटवरची एक बाई उठली. "आजी, तुम्ही बसा हितं."

बाईंनी तिच्या जागेवर पदर अंथरला. त्यावर डबा ठेवला. आणि स्वतः बाजूला उभ्या राहिल्या!

कंडक्टर कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, ती जागा तुम्हाला दिलीय!"

"मला उभं राहता येतं," बाई म्हणाल्या. "डब्याचं फुल तिकीट फाड."

*

सणाच्या दिवशी आम्ही सगळ्या पोलादपूरला. मी, साहेरा, सुलभा आणि मावशी. बेनीने घरातच एस्तेरची गोष्ट वाचली. हामानचं नाव आलं की सगळ्यांनी दंगा करायचा, अशी रीत. आळीतली पोरं थाळ्या-चमचे घेऊन जमलेली, नुसता कल्लोळ!

शिरा म्हणजे सुकलेली, मोठ्या डोळ्यांची, काटकुळी पोर. मराठी चार-दोन शब्द. बाईंनी ताटली पुढे केली. तिने बिस्किटाकडे बघितलं आणि हात पाठीमागे नेले. डोकं हलवलं. नको. इतकी वर्षं तिला शिकवलेलंच होतं ते. बेनीने समजावलं, बाईंनी समजावलं. ती प्रत्येकीच्या तोंडाकडे बघायची आणि एकच विचारायची, "गहू?"

"नाय गो बाय," मावशी म्हणाल्या. "तांदूळ."

शिराने बापाकडे बघितलं. त्याने मान हलवली. तिने एक बिस्किट उचललं, वास घेतला, एक कोन चावला. आम्ही श्वास रोखून उभ्या. तिने चावलं, गिळलं. मग उरलेलं बिस्किट दोन्ही हातांत धरून पळत अंगणात गेली, आळीतल्या पोरांना दाखवायला. बाई स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा उगाचच आवाज येत राहिला.

जेवणं झाली. दुपार छान गेली. आणि उन्हं कलताना आतून आवाज आला. शिरा! पोट धरून जमिनीवर गडबडा लोळत होती.

बाईंच्या हातातला पेला पडला. बेनीने पोरीला उचललं आणि पळत सुटला. आम्ही मागे. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे, पण रस्ता संपेना.

डॉक्टर आत तपासत होते, आम्ही बाहेरच्या बाकावर. सुलभा एकदम हमसाहमशी रडायला लागली. "बिस्किटं लाटली त्या सकाळी मी पोरांच्या डब्याला चपात्या केल्या होत्या. हात साबणाने धुतले, पण नखात राहिलं असेल!" साहेरा म्हणाली, "नाय, माझंच चुकलं. अंगणात शेजारणीने पापड वाळत घातले होते, कशाचे ते मी विचारलंच नाय." मावशी भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. बाई ताठ उभ्या, चेहरा राखेसारखा.

आतून उलटीचा आवाज आला.

थोड्या वेळाने दार उघडलं. बेनी बाहेर आला. चेहऱ्यावर काय होतं ते कळेना.

"आई, हे नेहमीसारखं नाही. गहू पोटात गेला की ही दोन-दोन दिवस उठत नाही. आता ओकली आणि पाणी मागतेय."

मागून डॉक्टर आले, हात पुसत. "त्या आजाराबद्दल मी वाचलंय, आज रात्री लक्ष ठेवा. पण मला एक सांगा, पोरीने ती बिस्किटं खाल्ली किती?"

"तीन-चार," बाई म्हणाल्या.

"तिलाच विचारा."

शिरा दारात येऊन उभी राहिली होती, फ्रॉकला हात पुसत. बापाने तिच्या भाषेत विचारलं. तिने खाली मान घातली. मग एका हाताची सगळी बोटं दाखवली. मग दुसऱ्या हाताची. मग परत पहिल्या हाताची. मग परत...

"शेजाऱ्यांना द्यायचा डबा!" सुलभा ओरडली. "पलंगाखाली ठेवला होता!"

"बाई, गव्हाबिव्हाचं काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "पोरीने हादडलंय. साधं अजीर्ण आहे."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"अजीर्ण?"

"अजीर्ण. पोरांना सणासुदीला होतं तसं."

"म्हणजे... इतर पोरांसारखं?"

"अगदी इतर पोरांसारखं."

बाई वळल्या. आयुष्यात वर्गाबाहेर आवाज न चढवलेल्या आमच्या बाई दवाखान्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. बाकांवर खोकणारे, तापाने फणफणलेले, पायाला पट्ट्या बांधलेले पेशंट बसले होते. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, दोन्ही हात वर करून, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना बाई ओरडल्या,

"अजीर्ण झालं! माझ्या शिराला अजीर्ण झालं!"

कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसलेला एक म्हातारा उठला, काही न समजून त्याने हात जोडले आणि म्हणाला,

"अभिनंदन, बाई!"